खेळणाऱ्यांच्या मालकीचे खेळ

सारीपाट, बुद्धिबळ, गंजिफा, आट्यापाट्या किंवा विटीदांडू यांपैकी एखाद्या खेळाचा मालक कोण, असा प्रश्न आपल्या पूर्वजांना कधी पडला असेल असे वाटत नाही. कारण खेळ हा जो खेळतो त्याचा, ही गोष्ट त्यांना इतकी स्वाभाविक होती की तिचा वेगळा विचार करण्याचे प्रयोजनच नव्हते. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी रंगवलेला गंजिफांचा संच ज्याने विकत घेतला तो त्या संचाचा धनी होई, त्यावर कोणता डाव मांडायचा हे घरची माणसे ठरवीत, आणि विटीदांडूचे नियम तर या आळीतून त्या आळीत जाताच बदलत. संगणकावरील खेळ आले आणि शेकडो वर्षांची ही वहिवाट प्रथमच मोडली. आता खेळाचे नियम यंत्राला समजणाऱ्या आज्ञावलीत बंद झाले, ती आज्ञावली कंपनीच्या कुलपात गेली, आणि खेळणाऱ्याच्या हाती फक्त खेळण्याचा परवाना राहिला.

हा परवाना किती तकलादू असतो याचा एक दाखला अगदी अलीकडचा आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतींचा खेळ २०१४ च्या डिसेंबरात बाजारात आणला. हा खेळ एकट्याने खेळायचा म्हटला तरी कंपनीच्या सर्व्हरशी अखंड संपर्क असल्यावाचून तो चालत नसे. त्यामुळे ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने ते सर्व्हर बंद केले तेव्हा, ज्यांनी रोख पैसे मोजून त्याची तबकडी घेतली होती, त्यांच्या हाती प्लास्टिकच्या चकतीखेरीज काही उरले नाही. खेळ सुरू करताना ‘मान्य आहे’ म्हणून ज्या लांबलचक करारनाम्यावर आपण न वाचताच बोट टेकवतो, त्यात बहुधा विक्रीचा व्यवहार नसतोच. असते ती वापराची मुभा, आणि देणाऱ्याने ती काढून घेतली की घेणाऱ्याला दाद मागायला जागा फारशी राहत नाही.

याच्या अगदी उलट इतिहास ‘नेटहॅक’ या खेळाचा आहे. भुयारांच्या चक्रव्यूहात उतरून खोल तळाशी दडलेला ताईत घेऊन येणे एवढेच त्याचे कथानक. चित्रे तर मूळ रूपात नाहीतच. ईमेलच्या पत्त्यात मधोमध येणारे ॲट हे चिन्ह म्हणजे आपला नायक, लहान लिपीतला रोमन डी म्हणजे त्याच्या सोबतीचा कुत्रा, आणि मोठ्या लिपीतला डी समोर उभा राहिला तर तो ड्रॅगन, हे ध्यानात घेऊन पळ काढायचा. १९८७ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या खेळाची नवी आवृत्ती २००३ नंतर तब्बल बारा वर्षे निघाली नाही, त्याच्या पाठीशी कोणतीही भांडवलदार कंपनी नव्हती, आणि तरीही तो मेला नाही. कारण त्याची आज्ञावली ज्याला हवी त्याला उपलब्ध होती, जो तो आपल्या यंत्राला जुळेल असा फेरफार त्यात करून घेत होता, आणि २०१५ च्या डिसेंबरात अधिकृत नवी आवृत्ती आली तेव्हा तिचे स्वागत करायला खेळाडूंचा मोठा परिवार जागेवर हजर होता. आजही नेटहॅक कोणत्याही संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतो.

नेटहॅकसारखे खेळ आज अनेक आहेत, त्यांतील काही उत्तम आहेत, आणि मराठी वाचकाला ते कसे शोधावेत हे ठाऊक असावे, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. मात्र शोधायला निघण्यापूर्वी आपण काय शोधत आहोत हे स्पष्ट असले पाहिजे. मोबाइलच्या बाजारपेठेत फुकट मिळणाऱ्या खेळांची वाण नाही; परंतु त्यांतील बहुतेकांची रचनाच अशी असते की दर दोन मिनिटांनी जाहिरात पाहावी, चार पायऱ्या चढल्यावर वाट अडावी, आणि ती मोकळी करण्यासाठी हिरे, नाणी किंवा पेट्या खऱ्या पैशांनी विकत घ्याव्यात. असा खेळ फुकट असला तरी मुक्त नाही. मुक्त खेळाची खूण किमतीत नसून त्याच्या सनदेत असते.

ही सनद म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ साली ‘जनरल पब्लिक लायसन्स’ म्हणजे जीपीएल या नावाने प्रसिद्ध झालेला परवाना सिद्ध केला. सॉफ्टवेअर कोणत्याही हेतूने चालवण्याची, त्याची मूळ आज्ञावली म्हणजे सोर्स कोड वाचून त्यात बदल करण्याची, त्याच्या प्रती दुसऱ्यांना देण्याची, आणि बदललेल्या प्रतीही वाटण्याची मोकळीक हा परवाना देतो. त्या बदल्यात तो एकच अट घालतो की, जो कोणी हे सॉफ्टवेअर पुढे वाटील त्याने आपल्याला मिळालेली मोकळीक, आज्ञावलीसह, पुढच्यालाही द्यावी. स्वामित्वहक्काचा कायदा सामान्यतः धन्याच्या संरक्षणासाठी राबवला जातो. येथे तोच कायदा वापरणाऱ्याच्या पदरात हक्क टाकण्यासाठी राबवला गेला. जीपीएलखेरीज एमआयटी, बीएसडी, अपाची असे अधिक सैल परवानेही आहेत, आणि चित्रे, संगीत व कथा यांच्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स या नावाच्या परवान्यांची एक मालिका आहे. या मालिकेतील काही परवाने व्यापारी उपयोगाला किंवा फेरफाराला मनाई करतात, आणि तेवढ्यापुरते ते मुक्ततेच्या व्याख्येबाहेर पडतात.

मुक्त परवान्यांत मात्र विक्रीला बंदी नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ‘शॅटर्ड पिक्सेल डंजन’ हा नेटहॅकच्याच कुळातला, पण चित्रमय आणि मोबाइलवर हाताळायला सोपा असा खेळ जीपीएलखाली आहे; अँड्रॉइडवर तो विनामूल्य आणि जाहिरातींवाचून मिळतो, आणि संगणकावरील खेळांच्या ‘स्टीम’ या दुकानात व आयफोनवर तोच खेळ पैसे देऊन घ्यावा लागतो. तो ‘पिक्सेल डंजन’ नावाच्या आधीच्या एका खेळावरून घडला. त्या मूळ खेळाच्या कर्त्याने आपला सोर्स कोड मोकळा केला, कॅनडातील एव्हन डेबनहॅम यांनी तो उचलून त्यात वर्षानुवर्षे भर घातली, आणि आता डेबनहॅम यांच्या आज्ञावलीतून इतरांनी आणखी नवे खेळ काढले आहेत. एखाद्या लोककथेने गावोगाव रूपे बदलत जावे, तशी ही परंपरा आपल्या डोळ्यांदेखत वाढते आहे.

आता शोधाचा मार्ग. ज्यांच्या हाती अँड्रॉइडचा फोन आहे त्यांनी ‘एफ-ड्रॉइड’ या भांडारापासून आरंभ करावा. २०१० साली सुरू झालेले हे भांडार केवळ मुक्त सॉफ्टवेअरच ठेवते, आणि बहुतेक ॲपे तयार स्वरूपात न घेता सोर्स कोडवरून स्वतःच बांधून देते. त्यामुळे कोडमध्ये दिसते एक आणि फोनवर चालते दुसरेच, अशी फसवणूक होण्याचा संभव पुष्कळ कमी होतो. हे भांडार त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून फोनमध्ये घ्यावे लागते, आणि ते घेताना बाहेरून आलेल्या ॲपला परवानगी देऊ का असा प्रश्न फोन विचारतो. तेथे गडबडून जाण्याचे कारण नाही. त्यातील कोणत्याही खेळाचे पान उघडले तर परवान्याचे नाव, सोर्स कोडचा पत्ता आणि आवृत्त्यांचा तपशील समोर येतो; परंतु मला सर्वांत मोलाची वाटते ती त्याच पानावरची इशारेवजा नोंद. या खेळात जाहिराती आहेत, हा खेळ तुमच्या हालचालींची माहिती बाहेर पाठवतो, याची चित्रे मुक्त नाहीत, हा खेळ एखाद्या बंदिस्त सेवेवर अवलंबून आहे, अशा प्रकारची वैगुण्ये तेथे नावानिशी लिहिलेली असतात. कोणत्याही दुकानदाराने आपल्याच मालातील उणीव मालाच्या पाटीवर लिहावी, ही गोष्ट दुर्मिळ आहे, आणि म्हणून ती पाटी वाचण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

वर्तमानपत्रातील सुडोकू सोडवल्याखेरीज ज्यांची सकाळ पुरी होत नाही अशा वडीलधाऱ्यांसाठी याच भांडारात सायमन टॅथम या इंग्रज प्रोग्रामरचा कोड्यांचा संग्रह आहे. सुमारे ४० प्रकारची तर्ककोडी त्यात असून प्रत्येक कोडे यंत्र दर वेळी नव्याने रचते. त्यामुळे ती कधी संपत नाहीत. इंटरनेट लागत नाही, जाहिरात नाही, कोणी आपले नाव विचारत नाही. माझ्या मते या संपूर्ण क्षेत्रात याहून निर्दोष भेटवस्तू नाही.

संगणकावर ज्यांच्याकडे लिनक्स आहे त्यांचे काम अधिक सोपे आहे, कारण डेबियन, उबुंटू, फेडोरा या लिनक्सच्या सर्व वितरणांची स्वतःची भांडारे असतात आणि त्यांत खेळांचा स्वतंत्र विभाग असतो. यांपैकी डेबियनची शिस्त वाखाणण्यासारखी आहे. १९९३ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाने १९९७ साली मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणावे याची लेखी कसोटी ठरवली आणि तेव्हापासून आलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची त्या कसोटीवर छाननी केली जाते. जे सर्वार्थाने मुक्त ते मुख्य दफ्तरात. जे स्वतः मुक्त पण चालण्यासाठी एखाद्या बंदिस्त वस्तूवर अवलंबून ते दुसऱ्या दफ्तरात. आणि जे मुक्तच नाही ते तिसऱ्यात, अशी ही व्यवस्था आहे. प्रत्येक खेळाबरोबर त्याच्या स्वामित्वहक्काचा दस्तऐवज जोडलेला असतो, आणि त्यात कोणते चित्र कोणाचे व कोणता नाद कोणत्या परवान्याखाली, हे फाइलवार नमूद केलेले असते. विंडोजवाल्यांनीही निराश होऊ नये. पुढे ज्या खेळांची नावे येतील त्यांतील जवळजवळ सर्वांच्या विंडोज आवृत्त्या त्या त्या प्रकल्पाच्या मूळ संकेतस्थळावर मिळतात.

डेबियनच्या त्या दुसऱ्या दफ्तराचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण खेळ ओळखताना सर्वाधिक गोंधळ तेथेच होतो. संगणकाच्या खेळाची दोन अंगे असतात: एक त्याची आज्ञावली, जिला खेळांचे कर्ते ‘इंजिन’ म्हणतात, आणि दुसरे म्हणजे चित्रे, ध्वनी, संगीत, नकाशे, संवाद ही सर्व सामग्री. इंजिन मुक्त झाले म्हणून सामग्री मुक्त होते असे नाही. १९९३ साली ज्याने सगळे जग वेडे केले त्या ‘डूम’चा सोर्स कोड इड सॉफ्टवेअर कंपनीने १९९७ च्या डिसेंबरात खुला केला आणि १९९९ साली तो जीपीएलखाली आणला, परंतु त्यातील राक्षस, बंदुका, भिंती आणि दालने यांची मालकी कंपनीने सोडली नाही. म्हणजे इंजिन सर्वांचे, पण त्यात घालायला काही नाही. तेव्हा जगभरातील हौशी चित्रकार व रचनाकार एकत्र आले आणि त्यांनी ‘फ्रीडूम’ या नावाने प्रत्येक राक्षस, प्रत्येक भिंत, प्रत्येक आवाज नव्याने तयार केला. ते काम किती वर्षांचे आणि किती चिकाटीचे असेल, याची कल्पना ज्याने कधी एखाद्या मासिकाचा एक अंक जरी जुळवला असेल त्याला येईल.

असाच पण याहून विलक्षण प्रवास ‘ओपन टीटीडी’चा आहे. ख्रिस सॉयर या स्कॉटिश प्रोग्रामरने १९९४ साली ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ हा खेळ रचला: गावांमधून रस्ते, रूळ आणि विमानतळ बांधावेत, कोळसा खाणीतून वीजकेंद्राकडे आणि प्रवासी या शहरातून त्या शहराकडे पोहोचवावेत, आणि मिळालेल्या नफ्यातून जाळे वाढवावे. सॉयर यांनी हे सर्व यंत्राच्या अगदी जवळच्या असेंब्ली भाषेत लिहिले होते. लुडविग स्ट्रिगेउस या स्वीडिश तरुणाने चालत्या खेळाचे उलट दिशेने विश्लेषण करून तो सी भाषेत पुन्हा लिहिला आणि २००४ साली प्रसिद्ध केला. तरीही चित्रे जुन्या खेळाचीच लागत. ज्याच्याकडे मूळ तबकडी होती त्यालाच तो खेळता येई. मग चाहत्यांनी गाड्या, इंजिने, पूल, घरे, झाडे एकेक करून रेखाटली, नादही नवे बसवले, आणि २०१० च्या एप्रिलमध्ये पहिली पूर्णांक आवृत्ती आली तेव्हापासून हा खेळ कोणत्याही जुन्या मालमत्तेवाचून उभा राहिला. जुन्या, मंद संगणकावरही तो सहज चालतो. सिग्नलांची योजना न चुकता एकाच रुळावर आठ-दहा गाड्या खेळवणे जमले की जो आनंद होतो तो रेल्वेच्या वेळापत्रकात रमणाऱ्या माणसाला वेगळा सांगायला नको.

तथापि मला एकच खेळ सुचवायला सांगितला तर मी ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’चे नाव घेईन. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ साली त्याचा आरंभ केला आणि तेव्हापासून तो अखंड वाढतो आहे. षट्कोनी घरांच्या पटावर पाळीपाळीने सैन्य हलवायचे, असा तो बुद्धिबळाच्या वळणाचा खेळ आहे. घाईचे त्यात नाव नाही. सहा पाळ्यांत एक अहोरात्र पुरे होते: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचे दोन प्रहर. मनुष्यसेनेचे बळ दिवसा २५ टक्क्यांनी वाढते आणि रात्री तितकेच घटते. ऑर्क नावाच्या राक्षससेनेचे आणि प्रेतसेनेचे गणित याच्या नेमके उलट. तर वनवासी एल्फ दोन्ही वेळी सारखेच, पण झाडीत उभे असले म्हणजे त्यांच्यावरचे निम्म्याहून अधिक वार वाया जातात. म्हणून चांगला खेळाडू सूर्यास्ताच्या आधीच आपली फळी मागे घेऊन गावांच्या आडोशाला आणतो, रात्र अंगावर काढतो आणि उजाडताच चाल करतो. गावे ताब्यात असली तर खजिन्यात दर पाळीला भर पडते आणि जखमी सैनिक तेथे बरेही होतात. लढाईतून वाचलेला सैनिक अनुभवाने वरच्या पायरीला जातो आणि पुढच्या डावात २० मोहरा मोजून त्याला पुन्हा बोलावता येते. मेलेला मात्र कायमचा गेला. त्यामुळे चार डाव सोबत असलेला भालाईत आपल्या चुकीने कामी आला की खेळणाऱ्याच्या जिवाला खरोखर चुटपुट लागते.

मुक्ततेचा प्रत्यक्ष अर्थ काय, हेही याच खेळात डोळ्यांनी पाहता येते. वेस्नॉथमधील प्रत्येक सैनिकाची माहिती साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेली आहे. भालाइताची फाइल उघडावी. त्याची किंमत १४ मोहरा, प्राणशक्ती ३६, एका पाळीत ५ घरांची चाल, आणि कोणी अंगावर आला तर पहिला वार याचा, हे सर्व तेथे ओळीओळीने वाचता येते. चौदाच्या जागी दहा लिहून फाइल जतन केली आणि खेळ पुन्हा सुरू केला, की आपल्या राज्यात भालाईत स्वस्त झाले. दोघांनी मिळून खेळायचे असेल तर मात्र दोघांकडे नियम एकच हवेत, हे उघड आहे. अशा लहानशा फेरफारापासून आरंभ करून अनेकांनी याच भाषेत संपूर्ण मोहिमा रचल्या, आणि त्या खेळाच्या आतूनच उतरवून घेता येतात. ज्या आईवडिलांना मुलाने प्रोग्रामिंग शिकावे असे वाटते त्यांनी महागड्या शिकवणीला पैसे भरण्याआधी ही एक फाइल त्याच्यासमोर उघडून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

इतिहासाची गोडी असणाऱ्यांना ‘झिरो ए. डी.’ आवडेल. त्यात प्राचीन काळची साम्राज्ये वसवायची आणि लढवायची असतात. ग्रीक, रोमन, पर्शियन यांच्या पंक्तीला मौर्यही आहेत, त्यांचे नायक चंद्रगुप्त, चाणक्य आणि अशोक आहेत, त्यांचे हत्ती युद्धातही उतरतात आणि ओझीही वाहतात, आणि अशोकाचे लेखस्तंभही उभारता येतात. त्याच्या आवृत्त्यांना रोमन वर्णक्रमाने नावे दिली गेली. सव्वीस अक्षरे संपून गाडी पुन्हा पहिल्या अक्षरावर आली तेव्हा, २०२५ च्या आरंभी निघालेल्या सत्ताविसाव्या आवृत्तीचे नाव ‘अग्नी’ असे ठेवले गेले. लहान मुलांसाठी ‘जीकॉम्प्री’ आहे. दोन ते दहा वर्षांच्या मुलांना अक्षरे, अंक, घड्याळ, नकाशे यांची ओळख करून देणारे शंभराहून अधिक लहान खेळ त्यात आहेत. मोटारींच्या शर्यतींसाठी ‘सुपरटक्सकार्ट’ आहे आणि घरची चार मुले एका पडद्यावर तो एकत्र खेळू शकतात. ठोकळ्यांचे जग रचण्याची आवड असलेल्यांसाठी ‘लुआंती’ आहे. २०२४ पर्यंत त्याचे नाव ‘माइनटेस्ट’ होते.

बुद्धिबळाबद्दल मात्र घाईने पुढे जाता येत नाही. फ्रेंच प्रोग्रामर तिबो द्युप्लेसी यांनी २०१० साली सुरू केलेले ‘लिचेस’ हे स्थळ आज जगातील बुद्धिबळपटूंचे मोठे सार्वजनिक मैदान आहे. त्यावर जाहिरात नाही, शुल्क नाही. सर्व खर्च देणग्यांतून चालतो, आणि खेळले गेलेले मानांकित डाव दर महिन्याला कोणालाही अभ्यासासाठी उतरवून घेता येतात. त्याच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकल्यापासून आपल्याकडच्या ज्या मुलींनी पट हाती घेतला असेल, त्यांना याहून चांगली आणि खर्चाविना मिळणारी तालीम सुचवता येणार नाही. लिचेसवर डावाची चिकित्सा करणारे ‘स्टॉकफिश’ हे इंजिनही मुक्त आहे, आणि त्याच्या कर्त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध करून दाखवली. चेसबेस या जर्मन कंपनीने स्टॉकफिशवर आधारलेला माल जीपीएलच्या अटी न पाळता विकला, अशी तक्रार करून त्यांनी २०२१ साली जर्मनीत दावा लावला; २०२२ च्या नोव्हेंबरात तडजोड झाली, आणि स्टॉकफिश असलेली उत्पादने वर्षभर न विकण्याचे व पुढे परवान्याचे पालन करण्याचे कंपनीला कबूल करावे लागले. मुक्त परवाना म्हणजे नुसती सदिच्छा नव्हे, त्यामागे कायद्याचे बळ उभे राहू शकते, हे त्या दाव्याने जगापुढे आले.

आता उणिवाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर वाचकाची दिशाभूल होईल. ज्यांना नामांकित फुटबॉलपटूंच्या हुबेहूब चेहऱ्यांचा, चित्रपटासारखा दिसणारा खेळ हवा आहे, त्यांना तो येथे मिळणार नाही; त्या चेहऱ्यांचे हक्क विकत घ्यायला कोट्यवधी रुपये लागतात आणि ते स्वयंसेवकांच्या मंडळींपाशी नसतात. क्रिकेटच्या वेडाला पुरे पडेल असा, मोठ्या कंपन्यांच्या तोडीचा मुक्त खेळ मला आढळलेला नाही. काम सावकाश चालते: झिरो ए. डी.ची कल्पना या शतकाच्या आरंभीची, आणि त्याच्या पहिल्या सत्तावीस आवृत्त्या ‘अजून घडत आहे’ असे सांगूनच दिल्या गेल्या. कित्येक प्रकल्प कर्त्याचा उत्साह किंवा सवड संपली की अर्ध्यावर पडतात. म्हणून एखादा खेळ घेण्यापूर्वी त्याची शेवटची आवृत्ती केव्हा निघाली हे पाहावे. वर्ष-दोन वर्षांत काही हालचाल असेल तर खुशाल घ्यावा. दुसरी सावधगिरी अशी की, परवान्यानुसार कोणालाही प्रती वाटता येत असल्याने काही लोक लोकप्रिय मुक्त खेळांत जाहिराती किंवा त्याहून वाईट काही मिसळून तेच नाव लावून वाटतात. तेव्हा शोधयंत्राने दाखवलेल्या पहिल्या दुव्यावर विसंबू नये, मूळ प्रकल्पाचे स्थळ किंवा वर सांगितलेली भांडारे यांपलीकडे जाऊ नये, आणि जेथे परवान्याचे नाव व सोर्स कोडचा पत्ता दिलेला नाही तेथून काही उतरवू नये.

या खेळांचे मोल पैशांत द्यायचे नसले तरी ते कोणीतरी आपल्या रात्री खर्चून घडवले आहेत. ज्याला शक्य असेल त्याने देणगी द्यावी. ज्याला दोष आढळला त्याने तो नीट लिहून कळवावा, कारण नीट लिहिलेली तक्रार ही कर्त्यांना देणगीइतकीच उपयोगी पडते. पण मराठी माणसाने करण्यासारखे सर्वांत मोठे काम भाषांतराचे आहे. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस मराठीत आले ते स्वयंसेवकांनी एकेक वाक्य भाषांतरित केल्यामुळेच आले. मुक्त खेळांचा मजकूरही असाच वाक्यावाक्यांनी वेगळा काढून ठेवलेला असतो. लुआंतीचा वेबलेट या भाषांतराच्या स्थळावर, झिरो ए. डी.चा ट्रान्सिफेक्स या तशाच स्थळावर. तेथे खाते उघडले की डावीकडे इंग्रजी वाक्य आणि उजवीकडे रिकामी चौकट येते. त्यासाठी प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही, चांगले मराठी येण्याची मात्र आहे. ज्या शिक्षकांनी, निवृत्त गृहस्थांनी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी हा लेख येथवर वाचला असेल, त्यांनी आवडलेला एक खेळ निवडावा, आठवड्यातून एक संध्याकाळ त्याला द्यावी, आणि पुढच्या उन्हाळी सुट्टीत आपल्या घरच्या मुलांना तो मराठीत खेळता येईल असे करावे, एवढीच माझी विनंती आहे.